सर्वोच्च पद, जन्मस्थान आणि नागरिकत्व: निवडणूक वकिलाचं उत्तर

प्रश्न असा आहे: "आमची मुलगी कॅनडात जन्मली. आम्ही दोघं तेव्हा नोकरीनिमित्त तिथं होतो, दोघंही भारतीय नागरिक. ती लहान असतानाच आम्ही परत आलो. परवा नातेवाइकांत वाद झाला. एकांचं म्हणणं, परदेशात जन्मलेल्या माणसाला देशाच्या सर्वोच्च पदावर बसू देऊ नये, अमेरिकेत तसा नियमच आहे. अशी अट योग्य आहे का? नुसतं नागरिकत्व पुरेसं नाही का? आणि आमच्या मुलीला उद्या इथं निवडणूक लढवता येईल का?"

माझं मत आधी सांगतो. जन्मस्थानाची अट चुकीची आहे. नागरिकत्वाची अट हवीच, आणि ते नागरिकत्व एकाच देशाचं हवं. पद मागणाऱ्याने देशात काही वर्षं राहिलेलं असावं ही अपेक्षाही रास्त आहे. उमेदवारी अर्ज तपासून देणं, छाननीत हरकतींना उत्तर देणं आणि निकालानंतर निवडणूक याचिका लढवणं यात माझी सगळी वकिली गेली. त्यामुळे कुठल्याही अटीकडे मी एकाच नजरेनं बघतो: ती कोण तपासणार, कशावरून तपासणार, आणि चूक झाली तर ती दुरुस्त व्हायला किती वर्षं जाणार.

घरातल्या अशा वादात तीन वेगळ्या अटींची सरमिसळ होते. जन्म देशाच्या हद्दीत झालेला असावा, ही एक. नागरिकत्व जन्मापासूनचं असावं, जन्म कुठंही झालेला असो, ही दुसरी. आणि आईवडीलसुद्धा याच देशाचे असावेत (काही ठिकाणी नवरा, बायको, मुलंही), ही तिसरी. तुमचे नातेवाईक बोलत होते पहिलीबद्दल आणि दाखला देत होते दुसरीचा. अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला असावा असं लिहिलेलं नाही. तो 'जन्मसिद्ध नागरिक' असावा, वय किमान ३५ असावं आणि देशात त्याचं १४ वर्षं वास्तव्य असावं, एवढंच तिथं आहे. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीपासून उपराष्ट्राध्यक्षालाही तेच लागू झालं. 'जन्मसिद्ध' म्हणजे नेमकं काय, हे मात्र घटनेत सांगितलेलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही एखाद्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या बाबतीत त्याचा थेट निवाडा आजवर केलेला नाही.

ही अट आली कुठून ते समजून घ्यायला हवं, कारण ज्यांनी ती घातली ते संकुचित मनाचे होते असं समजणं अन्याय होईल. इंग्लंडच्या १७०१ च्या गादीवारसाच्या कायद्यात परदेशात जन्मलेल्याला, त्याने नंतर नागरिकत्व घेतलं असलं तरी, संसदेत किंवा राजाच्या सल्लागार मंडळात बसायला बंदी घातली होती. मात्र इंग्रज आईबापांच्या परदेशी जन्मलेल्या मुलांना सूट होती. गादीवर तेव्हा हॉलंडहून आलेला तिसरा विल्यम होता. त्याने आपल्या डच विश्वासूंना जमिनी आणि पदं वाटली होती. पुढे युरोपात पोलंडचं काय झालं तेही अमेरिकेच्या घटनाकारांच्या काळातलंच. तिथला राजा निवडून यायचा. १७६४ मध्ये रशियाच्या दबावाखाली राजा निवडला गेला आणि १७७२ मध्ये शेजाऱ्यांनी देशाचे लचके तोडले. जुलै १७८७ मध्ये परराष्ट्र खातं सांभाळणारे जॉन जे यांनी घटना परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचवलं की सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व जन्मसिद्ध नागरिकाकडेच असावं. दहा-बारा वर्षांच्या नव्या राष्ट्राला एखादा परका राजपुत्र पैशाच्या आणि फौजेच्या जोरावर येऊन बसेल ही भीती खरी होती.

पण घटनेतल्या त्याच वाक्यात घटनाकारांनी एक सवलत ठेवली: घटना स्वीकारली गेली तेव्हा जो नागरिक असेल तोही पात्र. ती ठेवणं भागच होतं, कारण त्या पिढीचे सगळे ब्रिटिश प्रजाजन म्हणून जन्मले होते. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर जन्मलेले अलेक्झांडर हॅमिल्टन हे घटनाकार त्या सवलतीने पात्र होते. स्वातंत्र्यानंतर जन्मलेले पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणजे आठवे, १७८२ मध्ये जन्मलेले मार्टिन व्हॅन ब्युरेन, आणि त्यांची घरची भाषा डच होती. देश ज्यांनी उभा केला त्यांना ही अट लावली असती तर पहिले सात राष्ट्राध्यक्ष मिळालेच नसते.

त्यानंतरच्या काळात या अटीनं एकाही परक्या राजपुत्राला अडवलेलं नाही. अडचण झाली ती आपल्याच लोकांची. २००८ चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन १९३६ मध्ये पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले, वडील अमेरिकी नौदलात. ज्या माणसाने व्हिएतनाममध्ये युद्धकैदी म्हणून पाचेक वर्षं काढली, तो पात्र आहे असं सांगायला २००८ मध्ये सिनेटला ठराव करावा लागला. सिनेटर टेड क्रूझ कॅनडातल्या कॅल्गरीत जन्मले, आई अमेरिकी. कॅनडाचं नागरिकत्व त्यांनी २०१४ मध्ये सोडलं, तरी २०१६ च्या प्रचारात प्रश्न उभा राहिलाच. आणि बराक ओबामा तर होनोलुलूत, म्हणजे अमेरिकेतच, जन्मलेले. तरी पदावर बसल्यावर दोन वर्षांनी, एप्रिल २०११ मध्ये, त्यांना जन्माची संपूर्ण नोंद जाहीर करावी लागली, आणि त्यानंतरही अनेकांनी ती मानली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. अट कागदावर सगळ्यांना सारखी दिसते. दाखला मात्र त्यालाच मागितला जातो ज्याचं नाव, रंग किंवा वडिलांचं गाव वेगळं असतं.

निष्ठेचीच काळजी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. जर्मनीत जन्मलेले हेन्री किसिंजर आणि प्रागमध्ये जन्मलेल्या मॅडलिन ऑलब्राइट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. देशाची सगळी गुपितं त्यांच्या टेबलावरून गेली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उत्तराधिकाराच्या रांगेत मात्र त्यांना जागा नव्हती. २००३ मध्ये सिनेटर ऑरिन हॅच यांनी २० वर्षं नागरिक असलेल्याला राष्ट्राध्यक्षपद खुलं करणारी दुरुस्ती मांडली, ती पुढे गेली नाही.

आता भारताकडे येतो. इथं घटना लिहिली जात होती तेव्हा फाळणीनं लाखो माणसांची जन्मगावं एका रात्रीत परदेशात नेली होती. नागरिकत्वाच्या कलमानं मसुदा समितीला जेवढी डोकेदुखी दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या कलमानं दिली असेल, असं डॉ. आंबेडकरांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं. त्यातून निघालेल्या अनुच्छेद ५ मध्ये अधिवास हा पाया धरला आणि त्याच्या जोडीला तीन पर्याय ठेवले: इथं जन्म, आईवडिलांपैकी एकाचा इथं जन्म, किंवा पाच वर्षांचं वास्तव्य. उच्च पदांसाठी तर जन्माचा उल्लेखही नाही. राष्ट्रपतीसाठी अनुच्छेद ५८: भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेवर निवडून यायला पात्र. पंतप्रधानासाठी वेगळी पात्रता नाहीच. त्याने संसदेचा सदस्य असावं, नसेल तर सहा महिन्यांत व्हावं. सदस्याला अनुच्छेद ८४ लागू, आणि खरा पहारेकरी आहे अनुच्छेद १०२. जो भारताचा नागरिक नाही, ज्याने स्वेच्छेनं परकीय नागरिकत्व घेतलं, किंवा जो परकीय राष्ट्राशी निष्ठा मान्य करून बसला आहे, तो अपात्र. ओसीआय कार्डधारकांना (म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना) तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब मध्ये स्पष्टच बंदी आहे. राष्ट्रपतीपद, उपराष्ट्रपतीपद, संसद आणि विधिमंडळं यांपैकी काहीही नाही, मतदार यादीत नावसुद्धा नाही.

जन्मस्थानाची अट इथं असती तर काय झालं असतं? इंद्रकुमार गुजराल यांचा जन्म झेलमचा. मनमोहन सिंग यांचा जन्म गाह या गावचा. लालकृष्ण अडवाणी कराचीत जन्मले. तिन्ही ठिकाणं आज पाकिस्तानात आहेत. 'आजच्या भारतात जन्म' असा नियम केला तर दोन पंतप्रधान आणि एक उपपंतप्रधान बाद. बरं, 'अखंड हिंदुस्थानात जन्म' असं म्हणावं तर १९३७ पर्यंत ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. मग रंगूनमध्ये १९३६ साली जन्मलेला चालेल आणि १९३८ साली जन्मलेला त्याचाच भाऊ चालणार नाही. सरहद्दी हलतात. हलणाऱ्या रेषेवर माणसाची लायकी ठरवायची म्हणजे त्याच्या जन्मानंतर दुसऱ्याच कुणी घेतलेल्या निर्णयाची शिक्षा त्याला द्यायची.

हा वाद इथं सर्वांत जोरात पेटला तो १९९९ मध्ये. सोनिया गांधी यांच्या विदेशी जन्माच्या मुद्द्यावर शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर काँग्रेसमधून बाहेर काढले गेले आणि राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष निघाला. २००४ मध्ये तोच मुद्दा पुन्हा उठला आणि सोनिया गांधी यांनी पंतप्रधानपद नाकारलं. त्या राजकारणात मी शिरत नाही. कायद्याच्या अंगानं एवढंच: त्यांच्या निवडीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात २००१ मध्ये टिकल्या नाहीत, कारण आवश्यक ती तथ्यं त्यात नीट मांडलेलीच नव्हती. कुणी कुठं जन्मलं यावर घोषणा देता येतात. परदेशाचा नागरिकत्व कायदा नेमका काय सांगतो, हे कागदानिशी मांडणं हे वेगळं आणि कष्टाचं काम आहे.

ते काम न झाल्यावर काय होतं, त्याचं उदाहरण तेलंगणात आहे. वेमुलवाड्याचे माजी आमदार चेन्नमनेनी रमेश मूळचे तिथलेच, वडीलही अनेकदा आमदार. ते जर्मनीत गेले, जर्मन नागरिक झाले, परत येऊन भारतीय नागरिकत्व मिळवलं आणि २००९ पासून चार वेळा निवडून आले. अर्जाआधीच्या सलग वास्तव्याची अट त्यांनी पाळली नव्हती, आणि जर्मन नागरिकत्व सुटल्याचं ते दाखवू शकले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयानं त्यांच्याविरुद्ध निकाल देऊन तीस लाख रुपये भरायला लावले. इथं मुळं कुठली हा प्रश्नच नव्हता. प्रश्न पासपोर्टचा होता. आणि तोवर मतदारांनी चारदा मत देऊन झालं होतं.

छाननी प्रत्यक्षात कशी होते ते जवळून सांगतो, म्हणजे माझा आग्रह कळेल. टेबलामागे निवडणूक निर्णय अधिकारी, पुढ्यात अर्जांचा गठ्ठा, समोर उमेदवार, सूचक आणि आमच्यासारखे प्रतिनिधी. एका अर्जाला सरासरी काही मिनिटं मिळतात. चौकशी सरसरी स्वरूपाची. हरकत गंभीर असेल तर उत्तराला फार तर एक-दोन दिवस. एकदा माझ्या अशिलाविरुद्ध हरकत आली की त्यांचा जन्म पूर्व आफ्रिकेतला, म्हणून ते परदेशी. हरकतदाराने तिकडच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स फडकावली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "जन्म तिकडचा, हे मान्य आहे?" मी म्हटलं, मान्य. मग मी भारतीय वकिलातीतली जन्मनोंद पुढे ठेवली. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण शिक्का वाचता येत होता. सोबत भारतीय पासपोर्ट आणि दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट कधी घेतला नसल्याचं शपथपत्र. हरकत दहा मिनिटांत फेटाळली गेली.

तीच अट 'आईवडीलही इथंच जन्मलेले हवेत' अशी असती तर? माझ्या अशिलाचे वडील जन्मले त्या काळात त्यांच्या गावात जन्मनोंद होतच नव्हती. दोन दिवसांत मी काय आणून दाखवणार होतो? अर्ज बाद झाला असता. आणि एकदा बाद झाला की भारतात निवडणूक संपेपर्यंत न्यायालयात दाद नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५२ मध्ये पोन्नुस्वामी खटल्यात ते ठरवून टाकलं आहे. निकालानंतर निवडणूक याचिका, मग तारखा. तोवर निम्मा कार्यकाळ गेलेला असतो. म्हणून मी म्हणतो, अट अशी हवी की जिचा पुरावा उमेदवाराच्या स्वतःच्या हातात असतो.

नागरिकत्वाची अटसुद्धा आंधळेपणानं लावली तर किती दुखावते, हे ऑस्ट्रेलियानं २०१७ मध्ये पाहिलं. तुमच्या मुलीसाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिथल्या घटनेचं कलम ४४ परकीय नागरिकत्व असलेल्याला संसदेत बसू देत नाही. जुलैमध्ये सिनेटर स्कॉट लुडलम यांना कळलं की तीन वर्षांचे असताना न्यूझीलंड सोडलं, तरी ते अजून तिथले नागरिक आहेत. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याच पक्षाच्या लॅरिसा वॉटर्स यांनी मग आपले कागद काढले. त्यांचा जन्म कॅनडातल्या विनिपेगचा, आईवडील ऑस्ट्रेलियन, अकरा महिन्यांच्या असताना परत आलेल्या. कॅनडाचं नागरिकत्व स्वतः मागितल्याशिवाय मिळत नाही अशी घरच्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्यांच्या जन्मानंतर आठवड्याभरात कॅनडाचा कायदा बदलला होता आणि त्या चाळीस वर्षं नकळत दोन्हीकडच्या नागरिक होत्या. चार दिवसांत त्यांनीही राजीनामा दिला. पुढे ते नागरिकत्व रीतसर सोडून २०१८ मध्ये त्या सिनेटमध्ये परतल्या.

मग उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांची पाळी आली. जन्म ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थचा, सात पिढ्यांचा शेतकरी वाटावा असा माणूस. पण वडील न्यूझीलंडचे, म्हणून वंशाने तेही न्यूझीलंडचे नागरिक. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथल्या उच्च न्यायालयानं (तिथलं सर्वांत वरचं न्यायालय हेच) सात जणांपैकी पाच जणांना अपात्र ठरवलं, त्यात जॉइस होते. त्यांनी नागरिकत्व सोडलं आणि डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक जिंकून परत आले. ज्या देशानं तिथंच जन्मलेल्या उपपंतप्रधानाला बाहेर काढलं, त्याच देशानं वेल्समध्ये जन्मलेल्या ज्युलिया गिलार्ड आणि लंडनमध्ये जन्मलेले टोनी अॅबट यांना पंतप्रधान केलं होतं. जन्मस्थान आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

त्या प्रकरणाचा शेवटचा अंक वकिलांनी पाठ करावा असा आहे. सिनेटर केटी गॅलघर यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याचा अर्ज २०१६ च्या उमेदवारीआधीच केला होता. ब्रिटिश खात्यानं त्याची नोंद केली निवडणुकीनंतर, ऑगस्टमध्ये. मे २०१८ मध्ये न्यायालयानं त्यांना अपात्र ठरवलं: अर्ज करणं पुरेसं नाही, त्याग पूर्ण झालेला हवा. मला हा निकाल कठोर वाटतो. माणसाने आपल्या हातातलं सगळं केलं असेल तर दुसऱ्या देशाच्या कारकुनाच्या दिरंगाईची किंमत त्याच्या मतदारांनी का मोजावी? शिवाय अर्जेंटिनासारखे देश जन्माने मिळालेलं नागरिकत्व सोडूच देत नाहीत. अशा माणसासाठी कायद्यात वाट हवी.

मग एकाच नागरिकत्वाचा हट्ट धरायचा तरी कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर पेरूत आहे. अल्बर्टो फुजिमोरी यांचा जन्म नोंदीनुसार लिमाचा, म्हणजे जन्माच्या अटीत ते बसले. दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले. नोव्हेंबर २००० मध्ये गैरव्यवहार उघड झाल्यावर ते टोकियोला गेले आणि तिथून फॅक्सनं राजीनामा पाठवला. आईवडील जपानी असल्यामुळे जपाननं त्यांना आपलाच नागरिक मानलं आणि पेरूच्या हवाली करायला नकार दिला. पुढे ते स्वतःच चिलीत गेले आणि तिथं अडकले. २००७ मध्ये तिथूनच त्यांनी जपानच्या संसदेची निवडणूकही लढवली आणि हरले. त्याच वर्षी चिलीनं त्यांना पेरूच्या ताब्यात दिलं. जन्मस्थानाची अट अशा माणसाला अडवत नाही. दुसरा पासपोर्ट उमेदवारीआधीच सोडायला लावणारी अट निदान पळायचं दार बंद करते. जनतेला जाब द्यायची वेळ आली तर आश्रयाला दुसरा देश नसावा, यासाठी मी एकाच नागरिकत्वाचा आग्रह धरतो.

तिसऱ्या प्रकारच्या अटीबद्दल, म्हणजे आईवडिलांच्या आणि कुटुंबाच्या अटीबद्दल, मला बोलताना राग आवरत नाही. ती बहुतेक ठिकाणी एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली आहे. झांबियाचे केनेथ काउंडा यांनी स्वातंत्र्यलढा दिला आणि १९६४ पासून २७ वर्षं राष्ट्राध्यक्ष म्हणून काढली. १९९६ मध्ये घटना बदलली: दोन्ही पालक झांबियाचे हवेत. काउंडा झांबियातच जन्मलेले, पण आईवडील आजच्या मलावीचे. ते उभं राहू शकले नाहीत, आणि १९९९ मध्ये एका न्यायालयानं त्यांना कुठलंच राष्ट्र नसलेला माणूस ठरवलं. तो निर्णय नंतर फिरला, पण राष्ट्रपित्याला हे ऐकावं लागलं. आयव्हरी कोस्टमध्ये विरोधी नेते अलासान वात्तारा यांना अशाच अटीनं बाहेर ठेवलं. 'खरा आयव्हेरियन कोण' हा वाद उत्तरेच्या लोकांपर्यंत गेला आणि २००२ मध्ये देश यादवीत ओढला गेला. यादवीची कारणं अनेक होती, हे त्यातलं एक आणि मोठं. म्यानमारच्या २००८ च्या घटनेनं ज्याचा जोडीदार किंवा मुलं परदेशी त्याला राष्ट्राध्यक्षपद बंद केलं. आंग सान सू ची यांचे पती ब्रिटिश, मुलं ब्रिटिश. २०१६ मध्ये त्यांच्या पक्षानं त्यांच्यासाठी वेगळंच पद निर्माण करून ती अट ओलांडली.

नेपाळचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या घटनेच्या अनुच्छेद २८९ नुसार राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, मुख्यमंत्री अशी पदं फक्त वंशानं नागरिक असलेल्यालाच मिळतात. दोन मोठ्या शेजाऱ्यांमधल्या देशाची भीती मी समजू शकतो. पण सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली मधेशी (भारताला लागून असलेल्या तराईतल्या) घरातली सून पन्नास वर्षं तिथं राहिली तरी तिला ही दारं कायमची बंद, हे मला पटत नाही. वंशाची अट पुरी करणाऱ्यालाही नागरिकत्वाचे कागद चुकवता येत नाहीत, हेही तिथंच दिसलं. रवी लामिछाने यांनी अमेरिकी नागरिकत्व सोडलं, पण नेपाळी नागरिकत्व परत घेण्याची प्रक्रिया केली नाही. जानेवारी २०२३ मध्ये ते उपपंतप्रधान आणि गृहमंत्री असताना सर्वोच्च न्यायालयानं त्यांची खासदारकी रद्द केली.

आणि जिचे आईवडीलच माहीत नाहीत तिचं काय? फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष जन्मसिद्ध नागरिक असावा लागतो. ग्रेस पो १९६८ मध्ये इलोइलो इथं चर्चमध्ये सोडून दिलेलं तान्हं बाळ म्हणून सापडल्या. पुढे त्या सिनेटर झाल्या. २०१६ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी निवडणूक आयोगानं रद्द केली. त्यातला एक मुद्दा हा की जन्मदातेच अज्ञात, मग जन्मसिद्ध कशा? सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध सहा मतांनी त्यांना लढू दिलं. नऊ विरुद्ध सहा! एका अनाथ मुलीला तुझा देश हाच आहे असं सांगायला इतकी ओढाताण झाली.

मला मसुदा करायला सांगितला तर मी असा करीन. उमेदवार अर्जाच्या तारखेला देशाचा नागरिक असावा. नंतर नागरिकत्व घेतलेलं असेल तर सर्वोच्च पदासाठी मध्ये ठरावीक काळ गेलेला असावा, दहा ते पंधरा वर्षं मला पुरेशी वाटतात. परकीय नागरिकत्व असेल तर त्यागाचं प्रमाणपत्र अर्जाला जोडलेलं असावं. तो देश त्याग मान्यच करत नसेल किंवा विलंब करत असेल, तर आपण सर्व पावलं उचलल्याचा कागदोपत्री पुरावा चालावा. जन्मस्थान आणि आईवडिलांबद्दल एक अक्षरही नसावं. अट बदलायचीच असेल तर ती पुढच्या निवडणुकीनंतरच्या निवडणुकीपासून लागू व्हावी, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसावर नेम धरता येणार नाही. बाकी उमेदवार कुठं जन्मला, कुठली भाषा बोलत वाढला, हे मतदार बघतील. शिकागोत जन्मलेल्या जॅनेट जगन १९९७ मध्ये गयानाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा हे सगळं माहीत असूनच लोकांनी त्यांना निवडलं होतं.

आता तुमच्या मुलीचं. ती कॅनडात जन्मली म्हणून भारतात कुठल्याही पदाला अडथळा नाही, अगदी राष्ट्रपतीपदालाही नाही. सगळं अवलंबून आहे ती आज भारतीय नागरिक आहे का यावर. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवं असेल तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंद करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारची परवानगी लागते. ती कुठल्या पासपोर्टवर परत आली ते आधी बघा. भारतीय पासपोर्टवर आली असेल तर नोंदीचं मूळ प्रमाणपत्र शोधून जपून ठेवा. कॅनडाचं नागरिकत्व तिला तिथं जन्मल्यामुळे आपोआप मिळालेलं असणार, तुम्ही कधी मागितलं नसलं तरी. म्हणून ती अठरा वर्षांची झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते रीतसर सोडावं लागेल. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि ती मुदत चुकली तर भारतीय नागरिकत्व जातं. कॅनडाकडे त्यागाचा अर्ज करून प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, तेव्हा वाढदिवसाची वाट न बघता कागद आधीच जमवा.

ती कॅनडाच्या पासपोर्टवर आली असेल आणि तुम्ही ओसीआय कार्ड काढलं असेल, तर आज ती भारतीय नागरिक नाही. तरीही रस्ता बंद नाही. सज्ञान झाल्यावर, भारतीय नागरिकांची मुलगी म्हणून आणि अर्जाआधी सलग बारा महिने इथं राहिलेली म्हणून, तिला कलम ५ खाली नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं. ते बारा महिने मोजून पाळा, मध्ये परदेशवारी करू नका. वर सांगितलेला तेलंगणचा खटला तिथूनच सुरू झाला होता. नागरिकत्व मिळालं, मतदार यादीत नाव लागलं, की पंचवीस वर्षं पूर्ण झाल्यावर तिला लोकसभेचा अर्ज भरता येईल. त्या अर्जासोबत कॅनडाच्या त्यागाच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रतही जवळ ठेवा. छाननीच्या टेबलावर पहिली हरकत त्यावरच येणार आहे.